साखळी दुकाने आणि ग्रंथनिवडीचा अधिकार

ग्रंथविक्रीच्या साखळी दुकानांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा दोन टोकांची असते. एक पक्ष म्हणतो की, एकाच नावाखाली शहरोशहरी दुकाने निघाली म्हणजे वाचनाचा प्रसार आपोआप होतो. दुसरा पक्ष ह्या सर्व व्यवहारास निव्वळ वाणीपणा ठरवून नाक मुरडतो. दोन्ही पक्षांची दृष्टी दुकानांच्या संख्येवर खिळलेली असते. त्या दुकानांतील फळीवर कोणते पुस्तक ठेवावे हे ठरवितो कोण, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत. टीकेचा खरा विषय तोच आहे असे आम्हांस वाटते.

हिंदुस्थानात ह्या व्यवहाराचा आरंभ रेल्वेच्या फलाटावर झाला. इंग्लंडात डब्ल्यू. एच. स्मिथ ह्या पेढीने १८४८ साली युस्टन स्थानकावर पुस्तकांचे दुकान मांडले होते. आपल्याकडे १८७७ साली एमिल मोरो ह्या गृहस्थांनी अलाहाबादेस ए. एच. व्हीलर ही पेढी काढली. १८८८ साली ह्याच पेढीने 'इंडियन रेल्वे लायब्ररी' ही माला सुरू करून किपलिंगच्या कथांची लहान पुस्तके एक एक रुपयास प्रवाशांच्या हाती दिली. एका तरुण लेखकास त्यामुळे वाचक मिळाला, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही. तथापि विक्रेता हाच प्रकाशक झाला, व गाडीची वाट पाहणाऱ्या मनुष्याने काय वाचावे हे दूरच्या एका कचेरीत ठरू लागले, हेही तितकेच खरे. ही मक्तेदारी पुढे दीर्घकाळ टिकली; २००४ सालच्या रेल्वेच्या नव्या धोरणाने ती संपुष्टात आणली.

दुसरा टप्पा शहरी दुकानांचा. १९९२ साली आर. श्रीराम यांच्या पुढाकाराने मुंबईत 'क्रॉसवर्ड'चे पहिले दुकान उघडले. गिऱ्हाइकाने पुस्तक हाती घ्यावे, बसून चाळावे, मुलाबाळांसह तेथे तासभर घालवावा, अशी मोकळीक ह्या दुकानांनी दिली. काउंटरपलीकडील कारकुनाकडे पुस्तकाचे नाव संकोचाने उच्चारण्याची ज्यांस सवय होती, त्यांस ही सुधारणा केवढी वाटली असेल ते सांगावयास नको. पुढे 'शॉपर्स स्टॉप' ह्या मोठ्या व्यापारी संस्थेने ही साखळी आपल्याकडे घेतली, आणि २०२१ साली ती पुण्यातील एका व्यापारी कुटुंबाच्या हाती आली. मालकी पुण्यास आल्यामुळे मराठी वाचकाचा ह्या साखळीवर काही विशेष हक्क उत्पन्न होतो असे नव्हे. परंतु अपेक्षा उत्पन्न होते खरी.

ती अपेक्षा कोणती, हे पुण्याच्या मध्यवस्तीत उभे राहून नीट दिसत नाही. त्याकरिता कुरकुंभासारख्या गावी यावे. पुणे–सोलापूर रस्त्यावरील हे गाव. फिरंगाईच्या दर्शनास येणारा शेतकरी, औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत पाळीने काम करणारा कामगार व परप्रांतांतून आलेला तंत्रज्ञ, असा त्रिविध समाज येथे एकत्र येतो. दौंडचे जंक्शन जवळ. पुणे दीड-दोन तासांच्या अंतरावर. अशा समाजास कोणती पुस्तके हवीत? कोणाला उसाच्या लागवडीवरचे, कोणाला परीक्षेचे, कोणाला संतचरित्र, तर कोणाला एखादी नवी मराठी कादंबरी किंवा हिंदी कवितासंग्रह. दूरच्या शहरात बसून एकच यादी करणाऱ्या मनुष्यास ही गरज कळणे अशक्यप्राय आहे. म्हणून साखळी महामार्गापर्यंत आली तरी ती वाचकापर्यंत येईलच असे नाही.

निवड म्हणजे काय, हे मुंबईच्या 'स्ट्रँड बुक स्टॉल'ने दाखविले होते. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली एका चित्रपटगृहात लहानशी जागा घेऊन हे दुकान सुरू केले. पुढे ते फोर्टमध्ये नावारूपास आले, ते जागेच्या विस्ताराने नव्हे, तर मालकाच्या वाचनाने व वाचकास दिलेल्या सवलतीने. २००३ साली शानभागांस पद्मश्री मिळाली; २०१८ साली दुकान बंद झाले. ह्यावरून कोणी असे अनुमान काढील की, निवडक दुकानाचे दिवस सरले. परंतु साखळ्या तरी कोठे अमर आहेत? १९७१ साली अमेरिकेत दोन भावांनी काढलेली 'बॉर्डर्स' ही साखळी शेकडो दुकाने असताही २०११ साली बुडाली.

त्याच साली इंग्लंडात 'वॉटरस्टोन्स' ही साखळी डबघाईस आलेली असता जेम्स डाँट यांच्या हाती कारभार आला. त्यांनी पुस्तके दर्शनी भागी मांडण्यासाठी प्रकाशकांकडून पैसे घेण्याची रीत बंद केली, व कोणती पुस्तके ठेवावीत हा अधिकार ज्या त्या दुकानातील माणसांस परत दिला. साखळी सावरली, २०१९ साली अमेरिकेतील 'बार्न्स अँड नोबल'चा कारभारही त्यांच्याकडेच सोपविण्यात आला. म्हणजे स्थानिक निवड ही केवळ रसिकांची हौस नसून व्यापाराच्या हिशेबातही ती बसते.

ह्यावर आक्षेप असा येईल की, मराठी पुस्तकावर मिळणारा नफा तुटपुंजा व मोक्याच्या जागेचे भाडे जबर, तेव्हा फळीवर खेळणी आणि वह्या येणारच. आक्षेपात तथ्य आहे. खेळण्यांच्या नफ्यावर पुस्तके तगत असतील तर त्यास आमची हरकत नाही. मात्र खेळणी पुस्तकांच्या आधारास आली आहेत की त्यांच्या जागी, हे प्रत्येक दुकानात शिरताच कळून येते. दर्शनी मेजावर त्या गावच्या भाषेतील पुस्तक आहे काय, व ते तेथे गुणावर आले की पैशावर, एवढे दोन प्रश्न वाचकाने विचारावेत.

साखळीची वाढ व्हावी, अवश्य व्हावी. मात्र तिचे माप दुकानांच्या आकड्याने घेऊ नये. कुरकुंभच्या वाचकास काय हवे हे जाणणारा, आणि ते मागविण्याची मुखत्यारी असलेला एक तरी माणूस तिच्या पदरी आहे किंवा नाही, ह्यावरूनच तिची पारख करावी.