परदेशची सून आणि मराठी लेखणी

गेल्या मार्गशीर्षांत अंजनगांव सुर्जी येथील आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं परदेशांतून सून आली. मुलगा जर्मनींत नोकरीस; परिचय तेथलाच, विवाहाची नोंदणीहि तेथलीच. पुढें मात्र, हल्लींच्या रीतीच्या उलट, तिनेंच आपली नोकरी सोडून नवऱ्यासह इकडे येऊन राहण्याचें ठरविलें. घर पिढ्यानुपिढ्या पानमळ्याचें व पानपिंपळीचें. वाडा जुना, माणसें पुष्कळ. स्नेही मोठे विनोदी. "सुर्जीस हा दुसरा तह!" असें ते आम्हांस म्हणाले. पहिला तह ३० डिसेंबर १८०३ चा. दौलतराव शिंद्यांनीं तो इंग्रजांशीं येथेंच केला आणि गंगायमुनांच्या दुआबापासून भडोचपर्यंत बराच मुलूख त्यांत सोडून दिला. विनोद आम्हांस आवडला, पण थोडा टोंचलाहि. कारण त्या तहाचीं कलमें एका पक्षानें सांगितलीं व दुसऱ्यानें मान्य केलीं, आणि परकी मुलगी घरांत येते तेव्हां बहुधा असेंच घडतें.

ह्याच स्नेह्यांनीं आम्हांस विचारलें कीं, अशा संसाराविषयीं मराठींत कांहीं चांगलें लिहिलेलें आहे काय. सुनेनें वाचावें म्हणून नव्हे, घरच्या माणसांनीं वाचावें म्हणून. आम्ही जवळजवळ तीस वर्षें वाङ्मय शिकवीत आहों. उत्तर ओठांवर असावयास हवें होतें, तें नव्हतें. घरीं येऊन कपाटें धुंडाळलीं, आणि जें हातीं लागलें व जें लागलें नाहीं, त्याचा हा हिशेब आहे.

पहिलें नांव अर्थातच ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांचें. वऱ्हाडास ते परके नाहींत. त्यांचें शालेय शिक्षण अमरावतीस झालें. १९०६ सालीं ते अमेरिकेस गेले, कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर झाले आणि परततांना कांहीं काळ लंडनमध्यें राहिले. तेथें एडिथ कोहन ह्या जर्मन ज्यू कुळांतील तरुणीशीं त्यांचा परिचय झाला. १९१२ सालीं केतकर एकटेच परतले. १९२० मध्यें त्या हिंदुस्थानांत आल्या. व्रात्यस्तोम विधि करण्यांत आला, शीलवती हें नांव ठेवण्यांत आलें आणि विवाह झाला.

हें शेवटचें वाक्य वाचकांनीं कृपा करून पुन्हां एकदां पाहावें. तें आम्हींच लिहिलें आहे, आणि लिहितांना आमच्याहि तें ध्यानांत आलें नाहीं. विधि करण्यांत आला, नांव ठेवण्यांत आलें, विवाह झाला: तीन क्रियापदें, आणि जी आपला देश सोडून आली ती ह्यांपैकीं एकाचीहि कर्ती नाहीं. केतकरांवरील स्मृतिलेखांत व छोट्या चरित्रांत ही गोष्ट बहुतेक अशाच सांच्यांत येते. मधलीं आठ वर्षें आणि त्यांत होऊन गेलेलें महायुद्ध ह्यांचा उल्लेखहि क्वचित् होतो. वाक्य विवाहाशीं येऊन थांबतें आणि लेखणी सुटकेचा निःश्वास टाकून ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांकडे वळते. जणू काय अवघड तें होऊन गेलें! खरें पाहतां अवघड तें दुसऱ्या दिवशीं सकाळीं सुरू होतें.

व्रात्यस्तोम हा प्राचीन विधि. संस्कारांबाहेर राहिलेल्यांस आंत घेण्याचा हा मार्ग तांड्य ब्राह्मणांत वर्णिलेला आहे. त्यानें समाजाच्या एका प्रश्नाचें उत्तर मिळतें: ही बाई आतां कोणांत मोडते? जातिभेदाच्या इतिहासावर १९०९ सालीं इंग्रजींत ग्रंथ लिहिणाऱ्या केतकरांस हा प्रश्न महत्त्वाचा वाटावा, ह्यांत नवल नाहीं. १९२८ सालीं तुकोजीराव होळकर व अमेरिकन नॅन्सी मिलर ह्यांच्या विवाहाच्या वेळींहि सारा महाराष्ट्र ह्याच प्रश्नावर भांडला. शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी ह्यांनीं त्या बाईंस हिंदु करून घेतलें, एका धनगर घराण्यानें त्यांस कन्या मानलें, आणि नांव ठेवलें शर्मिष्ठा. (शर्मिष्ठा ही असुरराजाची मुलगी, ययातीच्या घरीं प्रथम गेली ती दासी म्हणून. नांव ठेवणारांस हें आठवलें नसावें, अशी आम्ही आशा करतों.) वृत्तपत्रांचें रान पेटलें. पण सिअॅटलची ती तरुणी इंदूरच्या राजवाड्यांत दुपारीं कोणाशीं व कोणत्या भाषेंत बोलत असेल, हा प्रश्न कोणासहि वादाचा वाटला नाहीं. तो वादाचा नव्हताच. केवळ तिच्या आयुष्याचा होता.

ह्याचें कारण आमच्या मतें फार खोल नाहीं. आपल्याकडे प्रत्येकच मुलगी परगांवची सून होते. ताटांत तांदूळ पसरून नवरा तिचें नवें नांव लिहितो, मंडळी कौतुकानें पाहतात, आणि पुण्याची मुलगी अंजनगांवास येऊन महिनाभरांत "मला" ऐवजीं "मले" म्हणूं लागली कीं ती रुळली असें ठरतें. घरानें तिच्याकडून काय घेतलें, हें कोणी विचारीत नाहीं. मग ती सात समुद्रांपलीकडून आली तरी आपल्या लेखकांस त्यांत निराळें लिहिण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. अंतर तेवढें अधिक दिसतें.

ज्यानें हा संसार स्वतः केला, त्या केतकरांकडून तरी अधिक अपेक्षा असावी. त्यांच्या कादंबऱ्या आम्ही ह्या निमित्तानें पुन्हां उलगडल्या. 'परागंदा' व 'गोंडवनांतील प्रियंवदा' १९२६ च्या सुमाराच्या, 'ब्राह्मणकन्या' १९३० ची. 'ब्राह्मणकन्ये'ची नायिका कालिंदी ही मिश्र कुळांत जन्मलेली. समाजांत तिची जागा कोणती, हा केतकरांचा प्रश्न. आणि तो त्यांनीं ज्या धैर्यानें मांडला, तें धैर्य त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याहि मराठी कादंबरीकारास साधलें नाहीं. वैजनाथशास्त्र्यांच्या तोंडून नवी स्मृतिच त्यांनीं रचविली. परंतु स्मृति रचणें निराळें आणि चूल मांडणें निराळें. त्यांच्या पात्रांस वारसा, जाति, कायदा, पंथ ह्यांवर बोलतांना कधीं शब्द कमी पडत नाहींत. एकमेकांशीं बोलतांना पडतात. केतकरांस कला साधली नाहीं, अशी टीका जुनीच आहे व ती आम्हांस पुरेशी न्याय्य वाटत नाहीं. कलेचा अभाव हें त्यांचें उणें नव्हे. जो विषय त्यांच्या स्वतःच्या माजघरांत रोज वावरत होता, तो त्यांनीं समाजशास्त्राच्या हवालीं केला, हें उणें आहे. संकोच असेल; त्या पिढीचा पुरुष पत्नीविषयीं लिहीत नसे. पण संकोचाची किंमत वाङ्मयानें दिली.

ती भरून काढण्याचा प्रयत्न एकच झाला आणि तो शीलवतीबाईंनीं केला. केतकर १९३७ च्या एप्रिलांत वारले. द. न. गोखले ह्यांचें केतकरचरित्र १९५९ मध्यें निघालें, दुर्गाबाई भागवतांचें 'केतकरी कादंबरी' १९६७ मध्यें. आणि त्यांच्या मागून, १९६९ सालीं, बाईंच्या आठवणी आल्या. पुस्तकाचें नांव 'मीच हे सांगितलं पाहिजे'. ह्या नांवांतील 'च' वर आमच्या वर्गांत आम्ही एक तास खर्च करूं शकूं. 'मी' पुरेसें नव्हतें. बत्तीस वर्षें दुसऱ्यांनीं सांगून झाल्यावर, जाणकारांनीं चांगलें सांगून झाल्यावरहि, कांहीं तरी उरलें होतें आणि तें दुसऱ्या कोणास सांगतां येण्यासारखें नव्हतें. हा 'च' अहंकाराचा नव्हे. तो साक्षीदाराचा आहे. मराठी माणूस हट्टानें बोलतांना जेथें 'च' लावतो, तेथेंच तो लागला आहे. भाषा घरांत मुरल्याचा ह्याहून चांगला पुरावा आम्हांस तरी ठाऊक नाहीं. तरीहि हें पुस्तक आपण वाचतों तें बहुधा केतकर कसे होते हें पाहण्यासाठीं; त्या कशा होत्या हें पाहण्यासाठीं क्वचित्.

आणखी एका पुस्तकाकडे तर मराठी वाचकाचें लक्षच नाहीं, कारण तें मराठी नाहीं. प्रागचे पंडित विंटरनिट्झ ह्यांचा भारतीय वाङ्मयाचा जर्मन इतिहास इंग्रजींत आला तो कलकत्ता विद्यापीठामार्फत. पहिला खंड १९२७ मध्यें, दुसरा १९३३ मध्यें. मुखपृष्ठाच्या आंत भाषांतरकर्तीचें नांव आहे: मिसेस एस. केतकर. दुसऱ्या खंडावर तिच्या जोडीस मिस एच. कोहन हेंहि नांव आहे. संस्कृताच्या अभ्यासकांच्या पिढ्यान् पिढ्या हे खंड हाताळीत आल्या. विद्यार्थिदशेंत आम्हींहि पहिल्या खंडावर टिपणें काढलीं. ही केतकर कोण, असा प्रश्न आम्हांस पडला नाहीं. आपण शीलवतीबाईंचें कौतुक करतों तें त्या किती मराठी झाल्या ह्याचें. पण हें काम त्यांच्या हातून झालें तें त्यांचें जर्मन शिल्लक राहिलें म्हणून. शीलवती ह्या नांवाचें आद्याक्षर आणि कोहन हें माहेरचें आडनांव एकाच पानावर छापलेलें आहे. व्रात्यस्तोमानें जें पुसलें असें आपण समजतों, तें तेथें तेरा वर्षांनंतरहि जागच्या जागीं आहे.

ह्याच्या उलट उदाहरण सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचें. १९३८ सालीं पांच डॉक्टरांचें पथक चीनला गेलें; त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरहि होते. कोटणीस मागें राहिले, चिनी शिकले, के दीहुआ हें चिनी नांव त्यांस मिळालें, आणि १९४१ च्या डिसेंबरांत गुओ चिंगलान ह्या परिचारिकेशीं त्यांनीं विवाह केला. मुलगा झाला, त्याचें नांव यिनहुआ. यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, कोटणीस तेथेंच वारले. म्हणजे ह्या संसारांत देश सोडणारा, नांव बदलणारा, दुसऱ्याची भाषा शिकणारा पुरुष होता. असें कथानक वाङ्मयास सहसा मिळत नाहीं. १९४६ मध्यें शांतारामबापूंनीं त्यावर चित्रपट काढला, कोटणिसांची भूमिका स्वतः केली, चिनी पत्नीची जयश्रीबाईंस दिली. चित्रपट हृद्य आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्याचा शेवट कशानें होतो? विधवा चिनी सून तान्ह्या मुलास घेऊन नवऱ्याच्या घरीं येते. प्रेक्षकांचे डोळे भरून येतात, कारण सून अखेर घरीं पोंचली. वस्तुतः ती बाई चीनमध्येंच राहिली. पुढें तिनें पुनर्विवाह केला, हिंदुस्थानास तिनें भेटी दिल्या त्या पाहुणी म्हणून, आणि २०१२ सालीं ती तिच्याच देशांत वारली. मुलगा तर १९६७ मध्यें, ऐन पंचविशींत, गेला. चित्रपटानें इतिहासाशीं घेतलेलें हें स्वातंत्र्य आम्ही क्षम्य मानूं; पण तें कोणत्या दिशेनें घेतलें हें पाहण्यासारखें आहे. नवरा बायकोच्या देशीं गेला, ही गोष्ट आपल्या कल्पनेस इतकी अर्धवट वाटली कीं तिला उंबरठ्याचें माप ओलांडावयास लावल्यावांचून ती पुरी होईना.

मग स्नेह्यांस काय द्यावें? शीलवतीबाईंच्या आठवणींची जीर्ण प्रत आम्हीं दिली, आणि कादंबऱ्या दिल्या नाहींत. पुस्तक देतांना त्यांच्या मातोश्री ओसरीवर बसल्या होत्या. वय नव्वदीचें, शिक्षण चौथी इयत्तेचें. पुस्तक कशाचें आहे हें आम्हीं समजावून सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें आणि विचारलें, "तिले आपलं बोलणं येऊनच जाईन. पण आपल्याले तिचं थोडंसं शिकता येईन काय?"

आम्ही चर्चा करूं, असें कांहीं तरी पुटपुटलों. परवां पुन्हां जाणें झालें. पुस्तक अजून निम्मेंच वाचून झालें आहे, असें स्नेही म्हणाले. चहा येईपर्यंत आमची दृष्टि फळीवरील डब्यांकडे गेली. प्रत्येकावर दोन चिठ्ठ्या होत्या, दोन्हीं देवनागरींत. एकीवर 'मीठ' आणि तिच्या शेजारीं, नव्वदीच्या कांपऱ्या अक्षरांत, 'झाल्त्स'.