‘सुस्तो’ : एका स्पॅनिश रोगसंज्ञेचा अर्थ आणि उपयोजन

प्रास्ताविक

स्पॅनिश भाषेत ‘सुस्तो’ या शब्दाचा सामान्य अर्थ दचकणे, भय असा आहे. लॅटिन अमेरिकेतील लोकवैद्यकात मात्र ती रोगसंज्ञा आहे. अकस्मात बसलेल्या भयामुळे आत्मा शरीर सोडून जातो व व्यक्ती आजारी पडते, अशी त्यामागील धारणा होय. भूक मंदावणे, झोप बिघडणे, अशक्तपणा, कामातील गोडी नाहीशी होणे ही तिची लक्षणे मानली जातात. प्रस्तुत लेखात या संज्ञेच्या उपयोजनाची चिकित्सा केली आहे.

अर्थनिश्चिती

उच्चारसाम्यामुळे मराठी वाचकास ‘सुस्त’ हा शब्द आठवेल. परंतु तो फारसीतून आलेला असून या संज्ञेशी त्याचा संबंध नाही. ‘भीती’ हा प्रतिशब्दही अपुरा ठरतो, कारण भीती ही भावना आहे, आजार नव्हे. ‘धसका’ हा शब्द अधिक जवळचा आहे. धसका घेतलेला माणूस खंगत जातो, असे आपण म्हणतो. तथापि आत्मा हरवणे आणि तो परत आणण्यासाठी ‘कुरांदेरो’ने, म्हणजे लोकवैद्याने, करावयाचा शुद्धीचा विधी हे अर्थ ‘धसका’ या शब्दात येत नाहीत. म्हणून मूळ संज्ञा कायम ठेवणेच इष्ट होय.

संशोधनाचे मूल्यमापन

आर्थर रुबेल, कार्ल ओ’नेल व रोलांदो कोयादो-आर्दोन यांचा ‘सुस्तो, अ फोक इलनेस’ हा ग्रंथ 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. मेक्सिकोतील ओआहाका राज्यातील तीन समुदायांत त्यांनी सुस्तोग्रस्त व इतर रुग्ण यांची तुलना केली. सुस्तोग्रस्तांत सामाजिक भूमिका पार पाडण्यातील ताण आणि शारीरिक व्याधी अधिक आढळल्या; मानसिक विकारांच्या बाबतीत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. पुढील सात वर्षांत सुस्तोग्रस्तांतील मृत्यूंचे प्रमाणही अधिक राहिले. यावरून सुस्तोमुळे मृत्यू येतो, असा निष्कर्ष काढता येणार नाही. भयाचा प्रसंग कित्येकदा वर्षांपूर्वीचा असतो. आधीच व्याधिग्रस्त असलेली व्यक्ती आपल्या क्षीणतेचे कारण गतकाळात शोधत असण्याची शक्यता उरतेच.

असे असूनही 1994 मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत या संज्ञेची नोंद ‘संस्कृतिबद्ध लक्षणसमूह’ म्हणून झाली. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत हे वर्गनाम बदलले, परंतु संज्ञा मानसोपचाराच्याच पुस्तिकेत राहिली. उपरोक्त निष्कर्षांशी हे वर्गीकरण सुसंगत नाही.

समारोप

रुग्णाने ‘सुस्तो’ म्हणताच त्यास अंधश्रद्धा ठरविणे जितके घातक, तितकेच ‘ही त्यांची संस्कृती’ म्हणून आदरपूर्वक बाजूला ठेवणेही घातक आहे. दोन्ही प्रकारांत शरीराची तपासणी राहून जाते. ही संज्ञा निदान नाही, ती रुग्णाने दिलेली सूचना आहे. ती ऐकून तपासणीस आरंभ व्हावा, हेच तिचे योग्य उपयोजन होय.