प्रेरणेपलीकडचं लेखन

मराठी लेखक आपल्या लेखनाविषयी बोलू लागला की पहिली ओळ कशी सुचली हे हमखास ऐकायला मिळतं, आणि शेवटचं पान लिहिल्यावर कसं मोकळं वाटलं हेही. मधला भाग मात्र गळतो: तो कुठे हिंडला, कुणाला काय विचारलं, किती खोडलं. संमेलनांतल्या प्रकट मुलाखती, दिवाळी अंकांतले लेख, पुस्तकांची मनोगतं यांची आपल्याकडे वाण नाही. पण हे सारं बोलणं प्रेरणेभोवती घुटमळतं, आणि प्रेरणेविषयी कुणालाच फारसं काही सांगता येत नाही. सांगता येतं ते कान कसा तयार झाला याविषयी. तेच विचारलं जात नाही.

विजय तेंडुलकरांचं उदाहरण पाहावं. पार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेल्या हौशी मंडळींचं बोलणं कानावर पडलं आणि त्यातून ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक आकाराला येऊ लागलं, ही हकिकत बहुतेकांना ठाऊक असते. ती सांगितली जाते नशिबाने हाती लागलेल्या ठेव्यासारखी. असं बोलणं उपनगरात रोज हजारोंच्या कानांवर पडतं. त्यातली हिंसा ऐकू येण्यासाठी तेंडुलकरांसारखा घडलेला कान लागतो. तो कसा घडतो, याचा खरा दाखला त्यांनीच दुसरीकडे दिला आहे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाला (1972) प्रस्तावना लिहिताना त्यांनी आपलं अज्ञान लपवलं नाही. न कळलेल्या शब्दांचे अर्थ कवीलाच विचारले, कवितांतली वस्ती त्याच्यासोबत पाहिली आणि तसं लिहिलं. प्रतिष्ठित लेखकाने ‘हे जग मला माहीत नव्हतं’ असं छापील शब्दांत कबूल करणं मला आपल्याकडच्या कितीतरी रसाळ मुलाखतींपेक्षा मोलाचं वाटतं.

असा अभ्यास कथानकाचाच कणा कसा होतो, हे पाहायला खारदांडा पुरेसा आहे. वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवास या लेखकांच्या वसाहतीत विंदा करंदीकर, गंगाधर गाडगीळ यांच्यासारखे लेखक राहिले. रेल्वेचे रूळ ओलांडून पश्चिमेला गेलं की दांड्याचा कोळीवाडा फार लांब नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यांची मासेमारी भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला जोर असतो, मधल्या भांगाला तो ओसरतो. म्हणजे नावेचा तांडेल घरी कधी असेल, हे घड्याळाआधी तिथी ठरवते. मासळी विकणं आणि त्या पैशांचा हिशेब बहुतेक बायकांच्या हाती असतो. घरातल्या भांडणात कुणाचा शब्द चालेल, हेही त्यावरून ठरतं. हे ठाऊक नसलेल्या कादंबरीकाराचा नायक भर उधाणात दुपारी ओटीवर बसून विरहात झुरेल आणि सगळं प्रकरण खोटं पडेल. आता त्याच किनाऱ्यासमोर वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचं काम चालू आहे. उद्याच्या लेखकाला ओहोटीसोबत त्याचाही अभ्यास करावा लागेल.

यावर आक्षेप येतो की अभ्यासाने कादंबरी माहितीच्या ओझ्याखाली दबते. दबते, हे खरं. तशी पुस्तकं आपल्याकडे आहेत. पण तिथे माहिती पचलेली नसते, एवढंच. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) मेंढरं, दुष्काळ, गावगाडा यांचं केवढं ज्ञान आहे, आणि वाचताना ते ज्ञान म्हणून जाणवतही नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: लेखनानेच बोलावं, लेखकाने नव्हे. जी. ए. कुलकर्णी तर धारवाडात राहून समारंभांपासून कटाक्षाने दूर राहिले. तरीही त्यांच्या पत्रांचे खंड निघाले, आणि वाचन, लेखन, शंका यांविषयी ते त्यांत मोकळेपणाने बोलतात. त्यांनी टाळला तो जाहीर सोहळा. लेखनाविषयीचं बोलणं त्यांनी समजून घेणाऱ्या एकेका वाचकासाठी राखून ठेवलं.

लेखकांच्या लेखनाविषयीच्या बोलण्यात संपादकाचं नावही क्वचित येतं. 1982 मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथा’ मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा परत पाठवत, सविस्तर पत्र लिहून पुन्हा लिहायला सांगत. त्या काळच्या कित्येक कथांच्या घडणीत या पत्रांचा वाटा आहे. मुलाखतकाराने पहिला खर्डा आणि छापलेली कथा समोर ठेवून ‘मधला परिच्छेद का गेला?’ एवढंच विचारावं. लेखकाला त्याचं उत्तर देता येतं, आणि नवं लिहिणाऱ्याला ते उपयोगी पडतं.