छतावरची बैठक

काउंटरवर वीस वर्षे खाली घातलेली आमची मान अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एकदाची वर झाली, ती छतावरची मद्याची बैठक बघायला! टोपीवाला परदेशी पाहुणा हाती पेला घेऊन बसलाय. शेजारी बाईसाहेब, सेवेला दासी. फर्ग्युसनसाहेबांनी १८७९ साली याला इराणचा दुसरा खुस्रो ठरवून टाकले. पण खुस्रो गादीवर आला ५९० साली, आणि चित्र अभ्यासक धरतात पाचव्या शतकातले. पुढच्या तारखेचा चेक आम्ही वटवत नाही!

गिऱ्हाइकाच्या नावाशी मला कर्तव्य नाही. मला आवडली ती बैठक.

परवा पुण्यात मित्राने एका पबमध्ये नेले. बीअर तिथेच तयार केलेली, फेसाळ, झकास. खिचडी तर थेट आईच्या हातची वाटावी अशी. पण गाणे एवढे मोठ्याने, की मित्राचे नुसते ओठ हलताना दिसत होते. मी आपला 'वा, वा!' म्हणून टाळी दिली. बाहेर आल्यावर कळले, तो सांगत होता, "बाबा आता मला ओळखत नाहीत रे."

खिचडीला पूर्ण गुण, पबला शून्य. अजिंठ्याचा पाहुणा कोण ते कळले नाही तरी चालेल. पण शेजारच्याचे म्हणणे त्याला ऐकू येत असणार.