हौस आणि हुकमत

हौशी आणि व्यावसायिक हा भेद आपण सहसा पैशावरून करतो. कलेवर ज्याचे पोट चालते तो व्यावसायिक; नोकरी सांभाळून लिहितो तो हौशी. हा निकष किती तोकडा आहे, हे कॉटन ग्रीनच्या कापूसबाजाराकडे पाहून उमगते. १९२० च्या दशकात हा बाजार कुलाब्याहून येथे आला. कापसाचा पारखी चिमूटभर नमुना बोटांनी ओढून तंतूची लांबी जोखीत असे. एखादा नमुना अचूक ओळखणे जाणत्या शेतकऱ्यालाही साधते. परंतु थकल्या हातांनी शंभरावा नमुनाही पहिल्याच कसोटीने, माल कुणाचा हे न पाहता जोखणे, ही पारख्याची हुकमत होय.

कवी नारायण सुर्वे यांना हीच कसोटी लावून पाहावी. गिरणीकामगार, शाळेतील शिपाई आणि पुढे शिक्षक म्हणून त्यांनी संसार चालविला. पैशाच्या निकषाने ते हौशीच! तरीही ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२), ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) आणि ‘जाहीरनामा’ (१९७५) या संग्रहांत, सोसलेले दुःख खरे आहे एवढ्या आधारावर ते वाचकाकडे सवलत मागत नाहीत. माणूस बोलतो तो आपल्याच बोलीत. कवीचे पांडित्य मध्ये डोकावत नाही.

आपल्या समाजातील लेखक गुणी आहेत. उणीव आहे ती सवलत नाकारण्याची. सणाच्या अंकासाठी आलेली कविता ‘सेवाभावाने लिहिली’ म्हणून आपण गोड मानून घेतो. परंतु सेवा म्हणून दिलेली वस्तू अधिकच पारखून द्यावयास नको काय? हेतूची शुद्धता परमेश्वर जाणतो. वाचकाच्या हाती केवळ शब्द पडतात.