वजनदार माणूस, जाड बाई

बी.कॉम. झाल्यावर वर्ध्यातल्या एका खाजगी ऑफिसात मी आणि माझी मैत्रीण रिसेप्शनच्या एकाच जागेसाठी मुलाखतीला गेलो होतो. तिला विचारलं, टॅली येतं का, फोनवर हिंदी-इंग्रजी बोलता येईल का. मला विचारलं, "दिवसभर धावपळ राहते इथं, जमेल ना तुम्हाला?" रिसेप्शनच्या टेबलामागे एक खुर्ची होती. धावपळ कुठून कुठे करायची होती ते मला दिसत नव्हतं. मी "जमेल" म्हटलं. "कळवतो" म्हणाले. ते कळवणं राहूनच गेलं.

घरी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "काहून वं, तुले तोलून घेणार होते का ते?"

आता खरं सांगायचं तर नोकरी वजनामुळे गेली हे मी सिद्ध करू शकत नाही. मैत्रिणीचं टॅली माझ्यापेक्षा चांगलंच होतं. वजनाच्या बाबतीत हेच होतं. कारण कुणी तोंडाने बोलत नाही, फक्त तुम्हाला एक वेगळा प्रश्न विचारला जातो. त्या प्रश्नाचं काय करायचं हे कळेना, म्हणून मी जाड नायिकांचे सिनेमे शोधून पाहायला लागले. कुणीतरी पडद्यावर या प्रश्नाला उत्तर दिलं असेल असं वाटलं होतं. हा लेख त्या शोधाबद्दल आहे.

सिनेमांच्या आधी एक शब्द. मराठीत 'वजन' हा मानाचा शब्द आहे. अमक्याच्या शब्दाला वजन असतं. मंत्रिमंडळात कुणाला वजनदार खातं मिळतं. सरकारी कचेरीत फाईल हलत नसेल तर तिच्यावर 'वजन' ठेवावं लागतं, हेही सगळ्यांना माहीत आहे. पोट सुटलेल्या पुरुषाला आपण 'खात्यापित्या घरचा' म्हणतो. नागपूरच्या नितीन गडकरींनी २०११ मध्ये वजन कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा ते देशातल्या एका मोठ्या पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. वजनामुळे त्यांना त्रास होत असेल, पण पद अडलं नव्हतं. बाईच्या बाबतीत मात्र हाच शब्द उलटा फिरतो. बाई 'वजनदार' झाली की ती जाडी, मोटी, आणि फार प्रेमाने बोलायचं असेल तर 'गुटगुटीत'.

सचिन कुंडलकर यांच्या २०१६ च्या 'वजनदार'ने ही गंमत शीर्षकातच पकडली होती. पाचगणीतल्या दोन बाया, एक लग्न झालेली, एक अविवाहित. सई ताम्हणकर आणि प्रिया बापट. दोघी वजन कमी करायला निघतात आणि वाटेत स्वतःकडे पाहायला शिकतात. मराठीत या विषयावर एवढ्या मोकळेपणाने केलेला दुसरा सिनेमा मला पटकन आठवत नाही. त्यातली मैत्री खरी वाटते. पण सिनेमा संपल्यावर मी माझ्या प्रश्नाकडे परत आले, तेव्हा लक्षात आलं की इथे वजनाचा हिशोब प्रामुख्याने घरात होतो. सासर, नवरा, प्रेम, आरसा. मी मात्र मुलाखतीच्या टेबलासमोरची जाड मुलगी शोधत होते.

ती मला थोडी शरत कटारिया यांच्या 'दम लगा के हईशा'मध्ये (२०१५) भेटली. १९९५ चं हरिद्वार. दहावीत अडकलेला प्रेम कॅसेटचं दुकान चालवतो आणि त्याचं लग्न बी.एड. झालेल्या संध्याशी लावून देतात. भूमी पेडणेकरची संध्या मला फार आवडते, कारण ती रडत बसत नाही. नवरा चारचौघांत अपमान करतो तेव्हा ती तिथल्या तिथे त्याच्या कानाखाली वाजवते. सासरच्यांना ती सून म्हणून पसंत पडते त्यामागे तिला शिक्षिकेची नोकरी लागेल आणि घरात पगार येईल हा हिशोब आहे. म्हणजे जिचं शरीर नवऱ्याला चालत नाही, तिची डिग्री घराला चालते. हे फार अचूक पाहिलेलं आहे. असे हिशोब आमच्याकडेही होतात.

पण शेवट आठवा. नवऱ्याने बायकोला पाठीवर घेऊन धावायची शर्यत. सगळं गाव बघतंय, प्रेम धापा टाकतोय, आणि दोघं जिंकतात. मीही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा पाहताना मात्र टोचलं. संध्याचं वजन शेवटी प्रेमच्या ताकदीची परीक्षा ठरतं. पास तो होतो. तिला परगावी मिळालेली नोकरी, जी तिने स्वतःच्या शिक्षणावर मिळवली, ती कथेत अडथळा म्हणून येते. ती गेली तर संसार मोडेल, हा प्रश्न. तिथे मुलाखत घेणाऱ्याने तिला काय विचारलं, वर्गात पहिल्या दिवशी पोरं हसली का, हे आपल्याला कळतच नाही.

नोकरीचा प्रश्न थेट हातात घेतला तो सतराम रमाणी यांच्या 'डबल एक्सएल'ने (२०२२). मेरठच्या राजश्रीला (हुमा कुरेशी) खेळांची निवेदिका व्हायचं आहे. तिला क्रिकेट तोंडपाठ आहे. मुलाखतीत तिच्या ज्ञानाआधी तिचा आकार मोजला जातो. तो प्रसंग बघताना माझे कान गरम झाले. इथे तरी उत्तर मिळेल असं वाटलं. पण सिनेमा तिला तिथून उचलून लंडनला नेतो. सोबत दिल्लीची फॅशन डिझायनर (सोनाक्षी सिन्हा), व्हिडिओचं शूटिंग, आत्मविश्वासाची भाषणं, आणि पडद्यावर खुद्द कपिल देव. छान. पण ज्या मुलीला लंडन परवडत नाही तिने काय करायचं? हिंगणघाटहून पॅसेंजरने वर्ध्याला मुलाखतीला आलेल्या मुलीला कपिल देव भेटत नाहीत. तिला त्याच टेबलावर, त्याच माणसाकडून, त्याच पगाराची नोकरी हवी असते. सिनेमा तिला सांगतो की स्वतःवर प्रेम कर. अगं, प्रेम आहेच. पगार नाही.

आता या तीन सिनेमांत मिळून एक गोष्ट बघा. सई ताम्हणकर, प्रिया बापट, भूमी पेडणेकर, हुमा कुरेशी, सोनाक्षी सिन्हा. सगळ्यांनी भूमिकेसाठी वजन वाढवलं. त्यांच्या मुलाखतींत याचं भरपूर कौतुक झालं, 'केवढं धाडस' म्हणून. मेहनत खरी आहे आणि ती मी कमी लेखत नाही. पण याचा सरळ अर्थ असा होतो की जाड बाईची भूमिका ही नोकरीसुद्धा जाड बाईला मिळाली नाही. जिला ते वजन नंतर उतरवता येईल तिलाच ती मिळाली. कुणी म्हणेल, निर्मात्याला ओळखीचा चेहरा लागतो, पैसा त्याचा आहे. बरोबर. पण ओळखीच्या चेहऱ्यांमध्ये एकही मुळात जाड नायिका का नाही, हाच तर प्रश्न आहे. जी आत येऊ शकली नाही तिची ओळख होणार कशी?

जुन्या काळी निदान एक वाट होती, पण ती हसण्याची. उमादेवी १९४७ च्या 'दर्द'मध्ये नौशाद यांच्याकडे गायिका म्हणून गाजल्या. पुढे १९५० च्या 'बाबुल'पासून त्या पडद्यावर आल्या आणि 'टुनटुन' झाल्या. त्यांचं विनोदाचं टायमिंग जबरदस्त होतं. पण टुनटुन पडद्यावर आल्या की त्यांनी तोंड उघडण्याआधीच हशा पिकायचा. ज्या बाईचा आवाज लोकांनी आधी रेडिओवर ऐकला होता, तिचं शरीर दिसल्यावर आवाज मागे पडला. आज आपण टुनटुनवर हसत नाही आणि स्वतःला सुधारलेले समजतो. फक्त ती जागाही आता रिकामी आहे.

"सगळं मान्य, पण काही कामांना फिटनेस लागतोच की," असं माझा भाऊ म्हणतो. तो पोलीस भरतीची तयारी करतो, त्यामुळे त्याला बोलायचा हक्क आहे. आणि मला त्याचं पटतं. शिपाई भरतीत मुली १०० मीटर आणि ८०० मीटर धावतात, गोळा फेकतात आणि त्याचे गुण मिळतात. उंचीची अट आहे, तिच्याबद्दल वेगळं भांडता येईल. पण मैदानावर गुण धावण्याला आहेत. जाड मुलगी वेळेत धावली तर तिचे गुण कुणी कापत नाही. काम काय आहे ते ठरवा आणि ते काम तपासा, इतकं सोपं आहे हे.

याच्या उलट उदाहरण विमानातलं. एअर इंडियाने २००९ मध्ये वजन जास्त म्हणून काही हवाई सुंदरींना नोकरीवरून काढलं. कारण सांगितलं जातं ते सुरक्षेचं, म्हणजे संकटात प्रवाशांना बाहेर काढता आलं पाहिजे. ठीक. पण विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१४ च्या नियमांत केबिन क्रूसाठी बीएमआयची मर्यादा पुरुषांना २५ आणि बायकांना २२ होती. गणित करून पाहा. उंची १६० सेंटिमीटर असेल तर पुरुषाला ६४ किलोपर्यंत सूट, बाईला ५६ पर्यंत. विमान एक, दोन खुर्च्यांमधली वाट एक, संकटात उघडायचं दार एक. मग हे आठ किलो कशाचे? सुरक्षेचे तर नक्कीच नाहीत. ते बघणाऱ्याच्या नजरेचे आहेत. वर्ध्यातल्या त्या 'धावपळी'त आणि या आठ किलोंत मला फरक दिसत नाही. दोन्हीकडे कामाचं नाव पुढे केलं जातं आणि तपासलं जातं दुसरंच.

कायदा इथे फार मदतीला येत नाही. राज्यघटनेचं सोळावं कलम सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशा कारणांवरून भेदभाव करू देत नाही, पण त्या यादीत वजन नाही. खाजगी ऑफिसचा तर प्रश्नच नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने १९७६ च्या कायद्यातच वजन आणि उंची ही कारणं लिहून ठेवली. न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये तसा नियम केला. म्हणजे हे लिहिता येतं. लिहिण्याआधी ते अन्याय म्हणून दिसावं लागतं, आणि दिसण्याचं काम बरंचसं कथा-सिनेमे करतात. म्हणून मी या सिनेमांवर एवढी चिडले आहे. त्यांनी जाड मुलीचं दुःख दाखवलं, पण ते तिच्या मनात नेऊन ठेवलं. तिने स्वतःला स्वीकारलं की प्रश्न संपला. टेबलापलीकडच्या माणसाने काय स्वीकारायचं, हे विचारलंच नाही.

आजीचा प्रश्न मला आता वेगळा ऐकू येतो. सेलूजवळच्या शेतांत तिने आयुष्यभर दुसऱ्याचा कापूस वेचला. वेचणीची मजुरी किलोवर असते. संध्याकाळी बांधावर काटा लागायचा आणि गाठोडं त्याला अडकवायचे. आजी अंगाने चांगली भरलेली, माझ्यासारखीच. तिला कुणी विचारलं नाही, जमेल का म्हणून. त्या कामात मायाळू असं काही नव्हतं. मजुरी कमी, कंबर मोडायची, आणि मालकाचा काटा खरा असेलच असंही नाही. पण काट्यावर बाई नव्हती, कापूस होता.

मला असा एक सिनेमा बघायचा आहे, ज्यात जाड मुलगी मुलाखतीला जाते, शेवटापर्यंत तिचं वजन कमी होत नाही, कुणी तिला पाठीवर घेऊन धावत नाही, तिला लंडनला जावं लागत नाही. एक तारखेला ती डबा घेऊन कामावर जाते. आणि ती भूमिका करणारी मुलगी, शूटिंग संपल्यावरही, तेवढीच जाड असते.