कोझी कॉर्नर : एक वगळलेले मद्यगृह

ख्रिस्तोफर इशरवुड याचे नाव भारतात घेतले जाते ते स्वामी प्रभवानंदांसमवेत त्याने केलेल्या गीतेच्या इंग्रजी अनुवादासाठी (१९४४). त्याच्या ‘गुडबाय टु बर्लिन’ (१९३९) या पुस्तकाचा निवेदक लेखकाचेच नाव धारण करतो, स्वतःला कॅमेऱ्याची उपमा देतो आणि भाड्याच्या खोल्या, घरमालकीण, रात्रीची गाणी हे सारे अलिप्तपणे टिपीत जातो. मात्र हा तरुण बर्लिनला आला कशासाठी, हे त्यात कोठेही उमगत नाही. उत्तर मिळते ते ‘ख्रिस्तोफर अँड हिज काइंड’ (१९७६) या आत्मकथनात. गंमत अशी की, पहिल्या पुस्तकातला ‘मी’ लपवतो, आणि कबुलीच्या पुस्तकात लेखक आपल्या तरुण रूपाविषयी तृतीय पुरुषात बोलतो.

१९२९ च्या मार्चमध्ये कवी ऑडेन याने त्याला हालेशेस टोरजवळच्या कामगारवस्तीतील ‘कोझी कॉर्नर’ या समलिंगी पुरुषांच्या मद्यगृहात नेले. भिंतीवर मुष्टियोद्ध्यांची व सायकल शर्यतपटूंची छायाचित्रे, मध्ये जुनाट लोखंडी शेगडी, तिच्या उष्म्याने अंगावरचे जाकीट उतरवून बसलेली पोरे. शहराच्या पश्चिम भागातील झगमगीत मद्यगृहे प्रवाशांना पाप दाखविण्यासाठी सजलेली होती. हे साधे होते, आळीचे होते. मराठी अनुवादकाची येथे पंचाईत होते. ‘गुत्ता’ म्हणावे तर बदनामी चिकटते, ‘अड्डा’ म्हणावे तर पोलिसांचा वास येतो, आणि ‘कट्टा’ या शब्दातला घरगुती मोकळेपणा नेमका हवा असतो, पण कट्ट्यावर बियर मिळत नाही!

वास्तविक १८७१ पासूनचे कलम १७५ तेव्हाही जर्मनीत लागू होते. तरीही ही पोरे तेथे जमत. त्यांतील अनेक बेकार होती. परदेशी पाहुण्याच्या खिशाशी त्यांचा संबंध होता आणि इशरवुड तो लपवीत नाही. तथापि शेगडीपाशी बसलेल्यांना हा कोपरा काय होता, हे त्याच्या लेखनात गिऱ्हाइकाच्या खुर्चीवरूनच दिसते. हे त्या आत्मकथनाचे खरे उणेपण होय.

१९३९ मधील मौनाला भेकडपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. इंग्लंडमध्ये पुरुषांमधील असे संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होते. परंतु निवेदकाच्या ज्या अलिप्ततेची समीक्षेने कलागुण म्हणून वाखाणणी केली, तिच्यात सक्तीचा वाटा मोठा होता, हे मान्य केलेच पाहिजे. इच्छाच काढून घेतलेल्या माणसाजवळ पाहण्यावाचून दुसरे काय उरते?

१९३३ मध्ये नाझी राजवटीने बर्लिनमधील अशी मद्यगृहे बंद पाडली. त्याच वर्षी मे महिन्यात इशरवुडने शहर सोडले. १९३५ मध्ये कलम १७५ अधिक कठोर झाले. ते पूर्णतः रद्द व्हायला १९९४ उजाडले. दरम्यान त्याच्या पुस्तकावरून १९५१ मध्ये नाटक झाले, १९६६ मध्ये ‘कॅबरे’ हे संगीतक आले, १९७२ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. जगाच्या स्मरणात बर्लिन राहिले ते त्या रंगमंचावरच्या दिव्यांचे. हालेशेस टोरची शेगडी त्यात नाही.